करार कोणाशी?

उतारवयातील खेळाडूवर खर्चलेला पैसा वसूल झाला काय, हा प्रश्न आपण सहसा गुणफलकाला विचारतो. एनबीएमधील डोमिनिकन सेंटर अल हॉरफर्ड याचे उदाहरण घेतले तर ही पद्धत किती अपुरी आहे, ते ध्यानात येते.

२०१९ साली फिलाडेल्फियाने तेहतीस वर्षांच्या हॉरफर्डशी चार वर्षांचा, जास्तीत जास्त १०.९ कोटी डॉलरचा करार केला. त्या संघातील जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स हे दोघेही बास्केटजवळ खेळणारे. त्या गर्दीत हॉरफर्ड सामन्यामागे ११.९ गुण मिळवूनही अडगळ ठरला. डिसेंबर २०२० मध्ये संघाने त्याला ओक्लाहोमा सिटीकडे धाडले. वर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील एक निवडही देऊ केली.

२०२१ मध्ये तो आपल्या जुन्या संघात, बॉस्टनमध्ये परतला. करार तोच, वेतन तेवढेच भारी, वय दोन वर्षांनी वाढलेले. २०२१-२२ मध्ये त्याची सरासरी १०.२ गुणांवर उतरली. पण टेटम आणि ब्राऊन गुण मिळवत असताना पास देणारा, बचाव सांभाळणारा जाणता माणूस त्या संघाला हवा होता. २०२२ मध्ये बॉस्टनने अंतिम फेरी गाठली.

शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. करार एका माणसाशी होतो, त्याचे मोल मात्र संघ ठरवतो. फिलाडेल्फियाची चूक खेळाडू पारखण्यात नव्हती. ती स्वतःचा संघ वाचण्यात होती.