नामशेषांचें नांव

१९१४-१८ च्या महायुद्धांत पडलेल्या ब्रिटिश शिपायांचीं शवें स्वदेशीं आणण्यास १९१५ पासूनच मनाई होती. कित्येकांचे तर देहहि सांपडले नाहींत. त्यामुळें गांवच्या चर्चमधील पितळी वा संगमरवरी पाटीवर कोरलेलें नांव हेंच मातापित्यांस समाधीच्या ठिकाणीं झालें. पुढें उपासक घटले, कित्येक चर्चें बंद पडून विकलीं गेलीं, पाट्या अडगळींत पडल्या. कांहीं तर चोरांनीं मोडीच्या भावानें विकल्या. इंग्लंडांत २०१२ पासून मोडीची रोखीनें खरेदी कायद्यानें बंद आहे, व लंडनचें इंपीरियल वॉर म्यूझियम अशा स्मारकांची नोंद ठेवतें. संस्कृतांत मृतास ‘नामशेष’ म्हणतात. पाटी गेली, कीं तो शेषहि सरतो. तो राखणें हें जिवंतांवरील ऋणच होय, असें आम्हांस वाटतें.