आगगाडीचे जुने आणि नवे कारभारी

जुने तेवढे सोने, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही 21 मैलांची वाट ज्या जी. आय. पी. कंपनीने खुली केली, तिच्या चालकांची कर्तबगारी थोर खरी. परंतु त्यांचे धनी विलायतेत होते आणि भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. तोटा रयतेच्या माथी जाणार, तर तिसऱ्या वर्गात कोंबलेल्या उतारूची फिकीर त्यांनी का करावी? कर्तबगारी होती, जबाबदारी नव्हती.

या दोन्ही गोष्टी एके ठिकाणी आल्या त्या कोंकण रेल्वेत. 1990 साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि श्री. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. सुमारे 2000 पूल, 90 वर बोगदे आणि हजारो खातेदारांच्या जमिनी, असे ते काम. त्यांचे अधिकारी स्वतः खातेदारांच्या दारी गेले. गोव्यात मार्गावरून वादळ उठले, चौकशी झाली; तरी जानेवारी 1998 मध्ये सुमारे 740 किलोमीटरची वाट खुली झाली.

आता आपल्या दाराकडे पाहू. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत आजवर रूळ पडलेला नाही. पुणे-नाशिक या सुमारे 235 किलोमीटरच्या वेगवान मार्गाचा आराखडा ‘महारेल’ने केला, मोजण्या झाल्या, पुणे व नाशिक जिल्ह्यांत काही जमिनींची खरेदीही झाली. आणि मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीस बाधा येते, म्हणून रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग अमान्य करून शिर्डी-अहिल्यानगरकडील मार्ग पुढे केला.

दुर्बिणीचे रक्षण झालेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु तिच्या 30 अँटेना काही रात्रीतून उगवल्या नाहीत! गेल्या शतकापासून त्या निमगाव सावा, नारायणगावच्या लोकांना दिसत आहेत. मोजणीच्या साखळ्या शेतात पडण्यापूर्वी त्या कारभाऱ्यांना का दिसू नयेत? शास्त्रज्ञांस आधी विचारणे आणि खरेदीखत नंतर करणे, हा क्रम कोणत्याही अडत्यास ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, श्रीधरन रोज जन्मत नाहीत. मान्य. पण त्यांना जे मिळाले ते तर देता येते: स्वतंत्र अधिकार, पुरेशी मुदत आणि एकच उत्तरदायी माणूस. महारेल ही राज्य सरकार व रेल्वे मंत्रालय यांची भागीदारी. दोन धनी असले की यश दोघांचे आणि अपयश कोणाचेच नाही! म्हणून व्यक्तीस दोष देण्यापेक्षा आम्ही व्यवस्थेस दोष देतो.

आमची मागणी थोडकी आहे. मार्ग कोणताही ठरो, त्यासाठी एक अधिकारी नेमावा, काम पुरे होईपर्यंत त्याची बदली करू नये, आणि त्याने निमगाव सावाच्या चावडीवर येऊन सांगावे की गाडी येणार की नाही. नकार ऐकण्याची ताकद या शेतकऱ्यात आहे. त्याला असह्य होते ते मौन.