संत्री, बुडबुडे आणि दोन जग



डिसेंबरच्या शेवटी तुलसी नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात ऊन उशिरा येतं. दोष या उंच झाडांचा, आणि त्यांच्यासाठीच २०२४ च्या जूनमध्ये इथली माणसं रस्त्यावर उतरली होती, म्हणून तक्रार करायची सोय नाही! दहाच्या सुमाराला ऊन एकदाचं ओट्यावर पोचतं, आणि रविवार असेल तर पोहे-जिलेबी घेऊन आम्हीही तिथेच पोचतो.

या वेळी पुण्याहून लेक आली आणि तिने जाहीर केलं, "आई, तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. रविवारी ब्रंच करू या. आणि मिमोसा मी करणार."

मिमोसा म्हणजे संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाइन, निम्मे निम्मे. नाव एका पिवळ्या फुलांच्या झाडावरून पडलंय, आपल्या बाभळीच्या नात्यातलंच. मला नाव आवडलं, पण "वाइन" शब्दाने पोटात गोळा आला.

कारण सांगते. नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, धाकट्या भावाला दारूने नेलं. तेव्हापासून आमच्या घरात बाटली आलेली नाही. नाना आता ब्याऐंशीचे आहेत. नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

लेकीला म्हटलं, "मी नाही विचारणार. तूच विचार."

तिने सरळ जाऊन विचारलं. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चोरून पिण्यानेच त्याचं वाटोळं झालं. तुम्ही निदान विचारून तरी करताय. माझ्यासमोर करा, आणि मोजून करा."

बाटली इथल्याच परवानाधारक दुकानातून आणली. येता-जाता महाराष्ट्रातून बॅगेत टाकून आणायच्या फंदात पडू नका, प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात. नानांनी चष्मा लावून लेबल वाचलं. नाशिक जिल्हा! "म्हणजे आपलीच द्राक्षं की," म्हणाले.

खरंच आपलीच. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने स्पार्कलिंग वाइन केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही विकली गेली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली, तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी वेगळं धोरण आणलं. नंतर शाँदाँ ही फ्रेंच कंपनीही दिंडोरीत आली. मात्र हिला शॅम्पेन म्हणायचं नाही. ते नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागात होणाऱ्या वाइनचंच.

बुडबुडे येतात कुठून? पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत ती पुन्हा आंबते. वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळून राहतो. आतला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटी-तिपटीइतका असतो. सिनेमातल्यासारखी बाटली हलवून बूच उडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. डोळा जाऊ शकतो.

आता माझी फजिती. शहाणपणा करून मी शनिवारी रात्रीच रस काढून ठेवला, तोही मिक्सरमध्ये, बियांसकट. सकाळी चमचाभर चाखला तर कडूजहर! नागपुरी संत्र्याची ही खोडच आहे. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग चिरडला गेला, की रस ठेवल्यावर कडवट होत जातो. माझं माहेर सौंसरचं, सगळा मुलूख संत्र्यांचा, आणि तरी मी हे विसरले. सगळा रस सिंकमध्ये गेला. आमचे हे सकाळी आठ वाजता मफलर गुंडाळून दोन डझन संत्री हाताने पिळत बसले. लग्नाच्या वाढदिवसाची तीच माझी भेट.

तर पद्धत अशी :

रस आयत्या वेळी, हाताने किंवा साध्या लिंबू पिळायच्या यंत्रावर काढा. बिया चिरडू देऊ नका. दोन डझन संत्र्यांचा साधारण दीड लिटर रस निघतो. गाळून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. साखर घालू नका.

वाइन 'ब्रूट' घ्या, म्हणजे कमी गोड. गोडवा संत्र्याचा येतो. बाटली तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास बुडवा.

उघडताना बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून लांब. तार सैल करतानाही अंगठा बुचावरच हवा. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. "फुस्स" एवढाच आवाज आला, की तुम्ही जिंकलात.

ग्लासात आधी ७५ मिली वाइन, ग्लास तिरका धरून. वरून तेवढाच रस, हळूच. ढवळू नका, बुडबुडे पळतात. ७५० मिलीच्या बाटलीत असे दहा ग्लास होतात. उन्हाळ्यात आंब्याचा रस घ्याल तर क्रम उलटा : दाट रस आधी, एक भाग, आणि वाइन दोन भाग, थेंबाथेंबाने. नाहीतर फेस टेबलावर येतो.

सोबत साबुदाणा वडे आणि कोथिंबीर वडी. तळलेल्याबरोबर हे आंबूस, फसफसणारं पेय फार छान जमतं.

इथे कृती संपली, पण मला जे सांगायचंय ते यापुढे आहे.

शनिवारी रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. नणंदेचा मुलगा, एकतीस वर्षांचा, इंदूरला नोकरीला. म्हणाला, "मामी, उद्या येतोय. फक्त एक सांगायचं होतं. मी आठ महिन्यांपासून घेत नाही. एकदम बंद. अजून आईलाही सांगितलं नाहीये. कुणी आग्रह केला तर काय उत्तर द्यायचं, कळत नाही."

त्याचं पिणं इतकं वाढलंय हेच आम्हाला माहीत नव्हतं. धाकट्या काकांचंही असंच झालं होतं. कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "तू ये. उत्तर द्यायची वेळ येणार नाही."

लेकीला एवढंच सांगितलं, की बिनवाइनचाही एक जग हवा. तिने का विचारलं नाही. मी तो जग मुलांच्या छोट्या टेबलावर ठेवला होता, तिने तो उचलून मोठ्या टेबलावर आणला. म्हणाली, "आई, मोठ्या माणसाने घ्यायला उठून मुलांत जायचं का? सगळे बघत बसतील." मला हे सुचलंच नव्हतं.

मग दोन जग शेजारी शेजारी, पण दिसायला वेगळे, म्हणजे चूक व्हायला नको. स्टीलच्या जगात रस आणि थंड सोडा निम्मे निम्मे, चार थेंब लिंबू, चिमूटभर काळं मीठ. काचेच्या जगात नुसता रस, त्याच्याजवळ बाटली. ग्लास सगळ्यांना सारखेच. लेक सुरुवातीलाच म्हणाली, "स्टीलचा सोड्याचा, काचेचा वाइनसाठी. ज्याचं त्याने घ्या, कुणी कुणाला भरून द्यायचं नाही."

भाच्याने स्टीलचा जग उचलला. नानांनीही. माझी जाऊ गाडी चालवून परतणार होती, तिनेही. शेजारच्या वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यांनीही. बारा मोठ्या माणसांत सहाजणांनी वाइन घेतली, आणि बाटली संपली सुद्धा नाही. एक पाहुणे सवयीने बोललेच, "अरे, तरुण माणूस तू, हे काय?" भाचा काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "माझ्याबरोबर बसलाय तो." विषय संपला.

नानांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

तरुण मंडळींनो, तुम्ही आपल्या घरात ब्रंच कराल, जरूर करा. मध्य प्रदेशात एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मद्य घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की मद्याचं अगदी सुरक्षित असं प्रमाण नाही. अशा एका मिमोसात साधारण सात ग्रॅम अल्कोहोल असतं, तेव्हा 'फळांचा रसच तर आहे' म्हणून चौथा ग्लास भरू नका. आणि कुणी नको म्हटलं, तर "का?" विचारू नका. कुणी गरोदर असेल, कुणाची औषधं चालू असतील, कुणाचा उपास असेल, कुणी आठ महिने मोजत असेल. ते सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

भाच्याने मागच्या आठवड्यात आईला सांगितलं. हे लिहू का, असं त्याला विचारूनच लिहिलंय. तो म्हणाला, "लिहा मामी, पण काळ्या मिठाचं प्रमाणही लिहा. माझ्या ग्लासात जास्त झालं होतं."

तर मंडळी, दीड लिटरच्या जगाला पाव चमचा. त्याहून जास्त नको.