नाताळची चिन्हे : गोड गोष्टी आणि खरी गोष्ट



आगमनकाळ लागला की आमच्या धर्मग्रामात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. चर्चच्या आवारात गोठ्यासाठी बांबू आणि गवत येऊन पडते, आणि मोबाइलवर नाताळच्या चिन्हांचे 'गूढ अर्थ' सांगणारे संदेश येऊ लागतात. ते संदेश आपण वाचतो, डोळे भरून येतात आणि लगेच दहा जणांना पुढे पाठवतो. आज या संदेशांविषयी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आधी चूक आमचीच सांगतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही कितीतरी वर्षे कॅंडी केनची गोष्ट सांगत आलो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, वरून वाकलेली ती साखरेची कांडी. मेंढपाळाच्या काठीसारखी दिसते. उलटी धरली की येशूच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षर होते. पांढरा रंग पावित्र्याचा, लाल रंग प्रभूच्या रक्ताचा. आणि कोण्या भाविक मिठाईवाल्याने ती मुद्दाम अशी घडवली. मुलांना गोष्ट फार आवडायची. शेवटी एकेक कांडी हातात मिळायची, त्यामुळे जास्तच आवडायची.

एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने पुढच्या रविवारी उभे राहून विचारले, "टीचर, ही गोष्ट खरी नाही असं वाचलं. मग आपण ती का सांगतो?" आम्ही म्हणालो, बघून सांगतो. पाहिले तर तिचे म्हणणे बरोबर निघाले. त्या भाविक मिठाईवाल्याच्या गोष्टीला जुना पुरावा काहीच नाही. कांडी आधीची आहे. अर्थ मागाहून, तोही अलीकडे, चिकटवलेला आहे. पुढच्या रविवारी आम्ही वर्गात तसे कबूल केले. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मग गोठ्याची गोष्ट पण अशीच आहे का?"

त्या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. त्या मुलात उद्धटपणा नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता : एकाच तोंडाने, एकाच वर्गात, एकाच सुरात सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक खोटी निघाली, तर दुसरीवर विश्वास का ठेवायचा? खऱ्या शुभवार्तेला आधार म्हणून आपण खोटा टेकू देतो, आणि टेकू निसटला की मुलाच्या मनात भिंतच हलते. म्हणून आमचे ठाम मत झाले आहे की चिन्हांबाबत मुलांना खरे तेच सांगावे. थोडे कमी गोड असले तरी चालेल.

आता आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिला, पवित्र शास्त्रात काय आहे. दुसरा, ख्रिस्तसभेच्या परंपरेने प्रार्थनेतून काय जोडले. तिसरा, लोकरूढीतून आणि बाजारातून काय आले. मग एकेक चिन्ह घेऊन मुलांनाच विचारतो, हे कुठे लिहू?

सुरुवात गोठ्यापासून करू. संत लूकच्या शुभवर्तमानात बाळ आहे, बाळंते आहे, गव्हाणी आहे आणि मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव मात्र नाहीत. हे ऐकून मुले थक्क होतात. मग ते आले कुठून? यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातून. तिथे देवाची तक्रार आहे की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांना मी कळत नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हे वचन गव्हाणीशी जोडले, आणि चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती शवपेट्यांवरच्या कोरीवकामात बाळाशेजारी ही दोन जनावरे दिसू लागली. म्हणजे बैल-गाढव शोभेला उभे नाहीत. ते आपल्याला प्रश्न विचारतात : आम्ही धन्याला ओळखले, तुमचे काय? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2012 साली येशूच्या बालपणावरील पुस्तकात जनावरांचा उल्लेख शुभवर्तमानात नाही असे लिहिले, तेव्हा पोपनी जनावरे हाकलली अशी आवई उठली. खरे तर त्याच ठिकाणी त्यांनी हेही म्हटले होते की कोणताही गोठा बैल-गाढवावाचून राहणार नाही. हा आमच्या दुसऱ्या रकान्याचा उत्तम नमुना आहे : शास्त्रात तसे वर्णन नाही, पण शास्त्रावर मनन करताना उमललेले आहे.

गोठा मांडण्याची आजची रीत संत फ्रान्सिस असिसीकर यांच्याकडून पसरली असे आपण मानतो. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 च्या नाताळात त्यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणवले. त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी ती रात्र वर्णिली आहे. त्या वर्णनात मरिया-योसेफाच्या मूर्ती नाहीत, कारंजे तर नाहीच. बाळाला कोणत्या हालात, कशा गवतावर निजावे लागले ते डोळ्यांनी पाहावे, एवढीच फ्रान्सिसची इच्छा होती. आणि त्या रात्री गव्हाणीवरच मिस्साबलिदान झाले. गव्हाणी म्हणजे जनावराच्या चाऱ्याची जागा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर. चाऱ्याच्या जागी ठेवलेला प्रभू वेदीवर आपले अन्न होतो. हा अर्थ आम्ही सांगू लागलो तेव्हा कोणाला कॅंडी केनची आठवण झाली नाही.

तीन राजांचेही तसेच. संत मत्तयने पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची संख्या दिलेली नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन. शिवाय ते बाळाला घरात भेटतात, गोठ्यात नव्हे. म्हणून गोव्यात कासावली-कुएलीला किंवा चांदरला भरणारा तीन राजांचा सण खोटा ठरतो का? मुळीच नाही. परके लोक दूरवरून चालत आले आणि देवाने त्यांना दार उघडले, हा त्या सणाचा गाभा शास्त्रातलाच आहे. आकडा परंपरेचा आहे, एवढे मुलांना सांगितले की झाले.

आता दुसऱ्या प्रकारच्या संदेशांकडे वळू. पहिला प्रकार खोट्या गोडव्याचा, हा खोट्या भीतीचा. "नाताळचे झाड मूर्तिपूजकांचे आहे, घरात लावाल तर पाप लागेल." असा संदेश आला की एखादी आजी घाबरून नातवाने हौसेने लावलेले झाड काढायला लावते. त्यावर उतारा म्हणून दुसरा संदेश येतो : संत बोनिफास यांनी आठव्या शतकात जर्मन लोकांचा पवित्र ओक वृक्ष तोडला आणि त्याच जागी फरचे रोप उगवले, तेच पहिले ख्रिसमस ट्री. ओक तोडल्याची हकिकत त्यांच्या जुन्या चरित्रात आहे, पण तिथे त्या लाकडातून प्रार्थनागृह बांधल्याचे लिहिले आहे. फरचे रोप नंतरच्या दंतकथेतले. भीती खोटी म्हणून तिच्यावर खोटाच उतारा द्यायचा का?

जे ठाऊक आहे तेच पुरेसे सुंदर आहे. मध्ययुगात 24 डिसेंबरला आदाम-एवेचे स्मरण होई, आणि त्यांच्या नाटकात सफरचंदे लावलेले हिरवे झाड उभे करत. 1605 सालच्या स्ट्रासबुर्गमधल्या एका नोंदीत घरात फरची झाडे उभारून त्यांवर कागदी गुलाब आणि सफरचंदे टांगल्याचे वर्णन आहे. व्हॅटिकनच्या संत पेत्राच्या चौकात मात्र झाड उभे राहिले ते 1982 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. म्हणजे झाड आपल्याकडे सावकाश आले, आणि ख्रिस्तसभेने पारखून घेतले.

मूळ परके असले म्हणजे चिन्ह बाटते, असे मानायचे तर आपल्या वेदीवरची समईही उचलावी लागेल. 1969 साली रोमने भारतीय उपासनेसाठी बारा अनुकूलनांना मान्यता दिली. त्यांत मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे आणि आरती आहे. तेव्हाही काही जण अस्वस्थ झाले होते. आज समई लावताना ती कोणासाठी लावली आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. दिवा कोणासमोर जळतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आगमनकाळातील मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. हॅम्बुर्गमध्ये लूथरन पाळक योहान हिनरिख विखर्न गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळला किती दिवस राहिले, हा मुलांचा रोजचा प्रश्न. म्हणून 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या : वारांसाठी लहान, रविवारसाठी मोठ्या. रोज एक पेटवायची. आपण कॅथलिक लोक आज जे चक्र वेदीजवळ ठेवतो ते एका प्रॉटेस्टंट पाळकाने अनाथ-गरीब लेकरांसाठी केले होते, हे कळल्यावर आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "मग आपण त्यांचे आभार मानायला पाहिजेत." आम्ही तिथेच मानले.

घरावर टांगायच्या ताऱ्याचेही असेच. अनेक टोकांचा जो कागदी तारा मोराव्हियन तारा म्हणून ओळखला जातो, तो 1830 च्या दशकात जर्मनीतल्या नीस्की येथील मोराव्हियन शाळेत भूमितीच्या अभ्यासातून जन्मला. शाळेतल्या कागदाला मागी लोकांच्या ताऱ्याचा अर्थ मिळाला. आपल्याकडे मुले दिवाळीच्या आकाशकंदिलाच्याच काड्या-कागदाने नाताळचा तारा करतात, त्याचेही आम्हाला कौतुक वाटते.

आणि सांताक्लॉज? तो लाल कपडा शीतपेयाच्या कंपनीने दिला, असे ठासून सांगणारे संदेशही चुकीचेच. त्या कंपनीच्या जाहिरातींनी तो चेहरा जगभर नेला हे खरे, पण लाल अंगरख्यातला सांता त्याआधीच चित्रांत होता. मुलांना सांगावे ते मिराचे बिशप संत निकोलस. हुंड्याअभावी उघड्यावर पडणाऱ्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकले, अशी परंपरा आहे. नाव न लावता दिलेले दान. आपल्याकडे हुंड्याचा जाच कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ती गोष्ट आमच्या मुलींना चटकन कळते.

काही ज्येष्ठ मंडळी आम्हाला म्हणतात, "लहान मुलांचा आनंद कशाला हिरावता? प्रभूनेही दाखलेच सांगितले ना?" आदराने सांगतो, दाखला आणि थाप यांत फरक आहे. प्रभूने हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो दाखला आहे हे माहीत होते. कॅंडी केनची गोष्टही "कोणीतरी असा छान अर्थ लावला आहे" म्हणून सांगा. आमची हरकत नाही. "असे घडले" म्हणून सांगू नका. चिन्हाला नवा अर्थ द्यायला आपण मोकळे आहोत, खोटा इतिहास द्यायला नाही.

या आगमनकाळात आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी लूकचा दुसरा अध्याय आणि मत्तयचा दुसरा अध्याय घरात मोठ्याने वाचा; दोन्ही मिळून पंधरा मिनिटेही लागत नाहीत. दोन, गोठा मांडताना नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवा, आणि मुलांनी केलेल्या प्रत्येक भल्या कामागे एक काडी गवत तिच्यात घालू द्या. नाचणी पेरून गोठ्यासाठी हिरवळ उगवत असाल तर तेही मुलांच्या हातून करा. वाट पाहणे म्हणजे काय ते रोज पाणी घालताना कळते. तीन, गोठ्याच्या स्पर्धेचे परीक्षण करणाऱ्यांनी उंची आणि दिवे मोजण्याबरोबर घरातल्या लहान मुलाला विचारावे : "इथे काय झालं, सांगशील?" ज्या घरातले मूल नीट सांगेल, त्या घराला बक्षीस द्यावे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही तेव्हा उत्तर दिले होते : "नाही रे, गोठ्याची गोष्ट तशी नाही. पण तू विचारलंस हे बरं केलंस." त्या दिवसापासून आम्ही वर्गात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारतो की आज जे सांगणार आहोत ते कोणत्या रकान्यातले आहे. गव्हाणीतल्या बाळाने पुढे स्वतःला सत्य म्हटले. त्याच्या जन्माची बातमी देताना आपल्या ओठी असत्य नसावे, एवढेच मागणे.

प्रभू येशू आपणा सर्वांच्या घरी येवो. नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.