नाण्यांच्या लिलावात श्रद्धेचा बाजार

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्याचे स्थान वेगळे आहे. बखर मागाहून लिहिली जाते, प्रवासी ऐकीव माहितीवर विसंबतो. नाणे मात्र राजसत्ता स्वतः पाडते. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुवर्ण होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही देवनागरी अक्षरे उमटली. भोवतालच्या सत्तांची नाणी फारसी लिपीत निघत असताना उमटलेली ही अक्षरे म्हणजे हिंदवी स्वराज्याच्या सार्वभौमत्वाची उद्घोषणा होती. असा होन आपल्या देवघरात असावा, असे कोणाही मराठी कुटुंबास वाटणे स्वाभाविक आहे. दुर्दैवाने याच भावनेवर आज संगणकावरील आणि भ्रमणध्वनीवरील लिलावांत उघड व्यापार चालला आहे.

या व्यापारातील सर्वांत लोकप्रिय माल म्हणजे ‘ईस्ट इंडिया कंपनीची रामनाणी’. एका बाजूस रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मी. दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव, ‘हाफ आना’ आणि १६१६, १७१७, १८१८ यांपैकी एखादे साल. ‘इंग्रजांनाही प्रभू रामचंद्रांपुढे नमावे लागले’ अशा मजकुरासह यांची छायाचित्रे आपल्याच परिचितांकडून आपल्याला येतात. ही नाणी कंपनीने कधीही पाडलेली नाहीत. १६१६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो जहांगीराच्या दरबारी व्यापारी सवलतींसाठी खेटे घालत होता. १७१७ मध्ये कंपनीला परवानगी मिळाली ती मुंबईत मोगल बादशहाच्या नावाचे रुपये पाडण्याची. आणि १८१८ हे तर पेशवाईच्या अस्ताचे वर्ष! हे साल कोरलेल्या बनावट तुकड्यास आपण अभिमानाने हार घालावा, याला काय म्हणावे? हीच नाणी पुढे ‘तांदूळ ओढणारी चमत्कारी नाणी’ म्हणून लाखोंच्या बोलीने खपवली जातात आणि निवृत्तीची पुंजी गमावलेले गृहस्थ लाजेपोटी तक्रारही करीत नाहीत.

खेदाची गोष्ट अशी की, खरा इतिहास याहून कितीतरी समृद्ध आहे. विजयनगरच्या सम्राटांनी आपल्या वराहांवर उमा-महेश्वर आणि बालकृष्ण अंकित केले. दक्षिणेतील लोक देवतांकित सुवर्णनाणेच विश्वासाने स्वीकारतात, हे पाहून मद्रासच्या कंपनी सरकारनेही देवमूर्ती असलेले छोटे पगोडे पाडले. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस राम-सीतेची प्रतिमा असलेली नाणी निघाली. मंदिरांतून भाविकांना मिळणाऱ्या रामटंका या पूजेच्या मुद्रा होत. त्या चलन नव्हेत आणि त्यांना कंपनीच्या नावाची गरजही नाही. एवढे पुरावे हाती असताना खोट्याचा आधार घेतला, तर उद्या विरोधक आपल्या खऱ्या पुराव्याकडेही संशयाने बोट दाखवतील.

होन आणि शिवराईच्या बाबतीत फसवणूक ओळखणे त्या मानाने अवघड नाही. होन आकाराने लहान असतो, परंतु सोने जड असल्याने त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. मुलामा दिलेला पितळी तुकडा त्याच आकाराचा असेल, तर त्याचे वजन निम्म्याच्याही खाली येते. म्हणून ज्या लिलावात वजन दिलेले नाही, तेथे बोली लावण्याचे कारणच नाही. तांब्याची शिवराई हाताने घण मारून पाडलेली असे. ठसा बहुधा धातूच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर जाई. अक्षरे पूर्ण, मधोमध आणि यंत्रातून निघाल्यासारखी दिसली, तर शंका घ्यावी. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण आढळते. त्यामुळे कडेचे छायाचित्र मागावे. अस्सल माल असणारा विक्रेता ते देण्यास कचरत नाही. सर्वांत निर्णायक खूण मात्र वेगळीच आहे. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. दोन वेगळ्या लिलावांतील शिवराईंवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर त्या एकाच साच्याची पिल्ले समजाव्यात.

आणखी एक लबाडी नाणे खरे असूनही केली जाते. शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईत आणि त्यापुढेही, दीर्घकाळ पाडली जात होती. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य शिवराया या उत्तरकाळातील असून त्यांची किंमत माफक असते. त्यांवर ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी लावली की किंमत अनेक पटींनी चढते.

विकणाऱ्यांचीही फसवणूक होते. तुमच्या जुन्या नाण्याला मोठा ग्राहक आहे, आधी कर आणि दलाली भरा, असे रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगण्यात येते. आपण असे व्यवहार करीत नाही आणि कोणतेही शुल्क मागत नाही, असा खुलासा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला होता. तरीही गळाला मासे लागतच आहेत.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. उत्सवांत, सत्कारांत, शिवजयंतीच्या कार्यक्रमांत होनाच्या प्रतिकृती भेट देण्याची प्रथा रूढ झाली आहे. हेतू उत्तमच आहे. परंतु प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याची खूण नसते. डबी हरवते, नाणे हात बदलते आणि काही वर्षांनी तेच ‘आजोबांच्या पेटीत सापडलेला होन’ म्हणून लिलावात येते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द कायमस्वरूपी उमटवणे बंधनकारक केले. सरकार आपल्याकडे असा नियम अमलात आणील तेव्हा आणो. आपल्या कार्यक्रमांच्या संयोजकांना त्यासाठी थांबण्याची गरज नाही. पुढील मागणी नोंदवतानाच ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल ठशातच कोरून द्यावे, अशी अट घालावी. डबीवरची चिठ्ठी पुरेशी नाही. शब्द धातूवरच हवा.