शेजारची सीट

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी एचआर काय देतं? आयकार्ड, लॅपटॉप आणि एक ‘बडी’. प्रिंटर कुठे आहे, बॉसचा मूड कधी बरा असतो, कँटीनमधलं काय चुकूनही खायचं नाही, हे सगळं तो सांगतो. डिग्री वगैरे ठीक आहे हो, पण काम आपण शिकतो ते त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून!

ट्रकच्या धंद्यात या बडीला ‘उस्ताद’ म्हणतात आणि शिकाऊ पोराला किन्नर, म्हणजे क्लीनर. तो काचा पुसतो, टायर ठोकून बघतो, चहा आणतो, गाडी रिव्हर्स घेताना मागे उभा राहून ‘आने दो, आने दो’ ओरडतो. मग एखाद्या पहाटे मोकळा रस्ता बघून उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग देतो. बहुतेक ड्रायव्हर घडतात ते असे.

मग मुलीने ट्रक चालवायचं ठरवलं तर?

कायदा तिला अडवत नाही. वय वीस पूर्ण हवं, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं, की जड वाहनाचं लर्निंग मिळतं. फक्त लर्निंगवर चालवताना शेजारी लायसन्सवाला शिकवणारा बसलाच पाहिजे. झालं! गाडी इथेच अडते.

सोलापूर हे ट्रकचं गाव. पुणे-हैदराबाद हायवे इथून जातो, विजापूरचा रस्ता इथूनच फुटतो. कांद्याच्या सीझनला मार्केट यार्डात ट्रकच्या रांगा लागतात. बायकांनी कमावणं हेही इथे नवं नाही. विड्या वळून घर चालवणाऱ्या कित्येक जणी याच शहरात आहेत. म्हणून यार्डाजवळच्या टपरीवर चहा पिताना मी एका जुन्या ड्रायव्हरकाकांना थेट विचारलं, मुलगी शिकायला आली तर शिकवाल का? शिकवायला त्यांची ना नव्हती. गाडीला काय कळतंय, कोण चालवतंय ते, असं त्यांचं म्हणणं. पण रात्री काय करायचं? केबिनमध्ये मागे झोपायला एकच फळी. अंघोळ ढाब्यावर, उघड्यावर. आणि तिच्या बापाला उद्या तोंड कोण दाखवणार? काकांचा प्रश्न वाकडा नव्हता. हिशेबाचा होता.

हा हिशेब सुटतो का? सुटतो. त्याचं एक उदाहरण सोलापूर स्टेशनातूनच सुटलं होतं. 13 मार्च 2023 ला सोलापूर-मुंबई वंदे भारत घेऊन गेल्या सुरेखा यादव. वंदे भारत चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला लोको पायलट. त्या मूळच्या सातारच्या. 1989 मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या, मग मालगाडी, 2000 मध्ये मुंबईची लोकल, पुढे घाटातली एक्सप्रेस. सप्टेंबर 2025 मध्ये रिटायर झाल्या. यातला ‘असिस्टंट’ हा शब्द नीट वाचा. रेल्वेत शेजारची सीट ही कुणाची मेहेरबानी नसते, ती पगारी पोस्ट असते. ड्युटी लागली की सीनियर शेजारी असणारच.

एसटीनेही 2019 मध्ये महिलांची चालक-वाहक म्हणून भरती केली आणि जड वाहनाचं प्रशिक्षण स्वतःच द्यायचं ठरवलं. मध्ये कोरोना आला, गाडं रखडलं. अखेर जून 2023 मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा बस नेली. उशीर झाला, पण सीट महामंडळाची होती, म्हणून ती जागेवर राहिली.

खाजगी ट्रकमध्ये हे कोण करणार? मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कॉमर्स आणि लॉ शिकलेल्या. 2003 मध्ये पती गेल्यावर त्या ट्रकच्या धंद्यात उतरल्या आणि पुढे स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. ग्रेटच! पण गाडी घरची होती. दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी मागणाऱ्या मुलीने काय करावं?

‘बाईला बाईच शिकवेल’ हे उत्तर आपल्याला पटकन सुचतं. अमेरिकेत प्राइम नावाच्या बड्या ट्रक कंपनीने नेमकं तेच केलं. नवख्या मुलींना फक्त महिला ट्रेनर. ऐकायला झकास, पण ट्रेनर बायका होत्या मोजक्या. मुली वेटिंग लिस्टवर महिनोन् महिने बसून राहिल्या आणि मुलगे भराभर रस्त्याला लागले. 2014 मध्ये कोर्टाने हा भेदभाव ठरवला आणि 2016 मध्ये कंपनीने 31 लाख डॉलर्सहून जास्त भरपाई मान्य केली. मुलींच्या काळजीपोटी घातलेलं कुंपण मुलींनाच आडवं आलं.

म्हणून मला वाटतं, मुलीलाच विचारा ना! शेजारी बाई हवी की काका चालतील, हे तिला ठरवू द्या. सुरुवात तुळजापूर, बार्शी, पंढरपूर अशा रात्री घरी परतता येणाऱ्या फेऱ्यांनी करा. काकांचा झोपायच्या फळीचा प्रश्न तिथेच मिटतो. शिकवणाऱ्याला त्या दिवसांचे जादा पैसे द्या, कारण शिकवणं हेही काम आहे. आणि त्याच्याबद्दल तक्रार आली तर ती ऐकायला ऑफिसात एक माणूस ठेवा. रॉकेट सायन्स नाहीये. आपल्या ऑफिसांत हे सगळं एसीत बसून मिळतंच की.

‘ट्रकवर बाई’चा फोटो आपण सगळे हौसेने फॉरवर्ड करतो. पुढच्या वेळी करण्याआधी जरा विचार करा, हिला शिकवताना शेजारी कोण बसलं होतं? आणि आता हिच्या शेजारी शिकायला कुणाला जागा मिळाली आहे का?