कोपरा नव्वदचा नसतो

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. "उस्ताद, ओळखलंत का?" आवाज लगेच ओळखला. माझ्या सेक्शनमधला सॅपर, ट्रेडने सुतार, सांगली जिल्ह्यातला. सतरा वर्षं नोकरी करून घरी आला, दोन वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर बसला आणि आता गावाकडे स्वतःचं सुतारकाम सुरू करतोय. म्हणाला, "नव्या बंगल्यांत लोक छताला लाकडी पट्टी मागतात, क्राउन मोल्डिंग. मायटर सॉ घ्यायची आहे. कोणती घेऊ?"

मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. मशीनचं उत्तर तेव्हाच देता आलं असतं. पण फोन ठेवला आणि शिलाँगची ती जुनी मेस डोळ्यांपुढे आली. तिथल्या छताच्या पट्टीवरून या पोराने बोलणी खाल्ली होती आणि चूक माझी होती. म्हणून हा लेख त्याच्यासाठी, आणि पेन्शनच्या पैशातून हत्यारं घ्यायला निघालेल्या सगळ्या सोबत्यांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मायटर सॉ चांगलं हत्यार आहे, पण तिच्यावरच्या ४५ च्या खुणेवर भरवसा ठेवून कोपरे कापू नका. आधी कोपरा मोजा, मग मशीन चालू करा. आणि फट पुट्टीने झाकायची जी सवय आपण पलटणीतून घरी घेऊन येतो, ती गेटवरच सोडा.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भिंत आणि छत मिळतात तिथे ही नक्षीदार पट्टी तिरकी बसते. एक कड भिंतीला टेकते, दुसरी छताला, आणि मागे तिकोनी पोकळी राहते. पट्टी सरळ उभी असती तर कोपऱ्यात दोन तुकडे ४५ अंशांत कापून जोडले की झालं, फोटोच्या चौकटीसारखं. पण ती तिरकी असल्यामुळे कापही दोन दिशांनी तिरका लागतो. चांगले सुतारही इथे गोंधळतात. आम्ही तर गोंधळलो होतोच, पण कबूल करत नव्हतो.

शिलाँगमध्ये १२ जून १८९७ ला मोठा भूकंप झाला. दगडी इमारती कोसळल्या. त्यानंतर तिथे घरं बांधायची पद्धत बदलली. लाकडाचा सांगाडा, त्यात इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती, त्यावर गिलावा आणि वर पत्र्याचं हलकं छप्पर. याला 'आसाम टाइप' घर म्हणतात. असं घर हादऱ्याबरोबर डुलतं, पण पडत नाही. आमची मेस तशीच होती. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, हिवाळ्यात आकसायचं. अशा घरात एकही कोपरा काटकोनात सापडणार नाही, आणि त्यात घराचा काही दोष नाही.

ऑक्टोबरात मोठ्या साहेबांची व्हिजिट ठरली. मोठ्या हॉलच्या छताची पट्टी सडली होती, ती नवी लावायची होती. हॉलचे चार कोपरे, शिवाय फायरप्लेसची भिंत पुढे आलेली, म्हणजे आतले सहा कोपरे आणि बाहेरचे दोन. वर्कशॉपमध्ये नवीकोरी मायटर सॉ आली होती आणि मी हवालदार म्हणून कामाचा इनचार्ज होतो. या पोराने पहिल्याच कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला आणि म्हणाला, "उस्ताद, गुण्या बसत नाही. कोपरा नव्वदपेक्षा जास्त उघडा आहे."

मी म्हणालो, "मशीन ४५ वर लाव आणि काप. फट राहिली तर पुट्टी आहे."

त्याने हुकूम पाळला. फटी राहिल्या, आम्ही पुट्टी भरली, वर रंग मारला. व्हिजिट झाली, शाबासकी मिळाली, ती मी घेतली.

डिसेंबरात हॉलमध्ये रोज शेकोटी पेटायला लागली. हवा कोरडी, लाकूड आकसलं, पुट्टी तडकली. एका रात्री पाहुणे जेवायला बसलेले असताना कोपऱ्यातला एक लांबट तुकडा थेट टेबलक्लॉथवर पडला. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली, हे काम कोणाचं? कामाच्या वहीत नाव त्याचं होतं. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याने बोलणी खाल्ली आणि जानेवारीची त्याची सुट्टी महिनाभर पुढे गेली. एवढीच गोष्ट. कोर्ट मार्शल नाही, काही नाही. पण इतकी वर्षं झाली तरी ती फट माझ्याकडून बुजलेली नाही.

पट्टी पुन्हा करायला ठेकेदाराने एक खासी सुतार आणला. साठीच्या पुढचा माणूस. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने 'बाह' म्हणतात, आम्हीही तसंच म्हणायला लागलो. बाहने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. शिडीवर चढला, सरळ फळीचा एक तुकडा एका भिंतीला टेकवून छतावर पेन्सिलीने रेघ ओढली, मग तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला टेकवून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदल्या तिथून कोपऱ्यापर्यंत तिसरी रेघ ओढली आणि खाली उतरला. ती तिसरी रेघ म्हणजे कोपऱ्याचा अचूक अर्धा भाग. अंश कितीही असोत, काप तिथूनच जायला हवा. आकडेमोड नाही, काही नाही. मी नव्वदचं बोललो तेव्हा हसून म्हणाला, "साब, ये घर हिलने के लिए बना है."

आता कामाचं बोलू. बाहकडून शिकलेलं आणि नंतर स्वतः हात घाण करून शिकलेलं.

कोपरा किती उघडा आहे ते पाहायची सोपी रीत: एका भिंतीवर कोपऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर ८० वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १०० आलं तर काटकोन. जास्त आलं तर कोपरा उघडा, कमी आलं तर मिटलेला. ९२ अंशांच्या कोपऱ्यात हे अंतर सुमारे १०१.७ येतं. दोन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? भिंतीपासून ६० मिलिमीटर पुढे येणारी पट्टी अशा कोपऱ्यात दोन्हीकडून ४५ ने कापून लावली, तर पुढच्या कडेला जवळजवळ ३ मिलिमीटर फट दिसते. खालून जेवणाऱ्या माणसाला ती बरोबर दिसते.

कापायच्या दोन रीती आहेत. पहिली, पट्टी मशीनवर तिरकीच धरायची, जशी ती वर बसणार तशी, पण उलटी. छताकडची कड मशीनच्या बैठकीवर, भिंतीकडची कड मागच्या आधाराला टेकलेली. मग पातं झुकवायचं नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. १८० मधून कोपऱ्याचे अंश वजा करा आणि उरतील त्याचे निम्मे लावा: ९० ला ४५, ९२ ला ४४, ८८ ला ४६. नव्या माणसाने याच रीतीने सुरुवात करावी.

दुसरी रीत पट्टी आडवी सपाट ठेवून कापायची. पट्टी रुंद असेल आणि उभी मावत नसेल तर हाच मार्ग. यात पातं फिरवायचंही आणि झुकवायचंही. भिंतीशी ३८ अंशांत बसणाऱ्या पट्टीला काटकोनी कोपऱ्यासाठी फिरकी ३१.६ आणि झुकाव ३३.९ लागतो. बऱ्याच मशीनवर या दोन खुणा कोरलेल्याच असतात. भिंतीशी ४५ अंशांत बसणाऱ्या पट्टीला ३५.३ आणि ३०. पण लक्षात ठेवा, या खुणा फक्त काटकोनासाठी आहेत. कोपरा ९२ चा झाला की ३८ च्या पट्टीचे आकडे ३०.७ आणि ३३.२ होतात. मशीनला तुमची भिंत माहीत नसते.

उलटं धरल्यामुळे डावं-उजवं हमखास चुकतं. त्यावर एकच उपाय. टाकाऊ लांब पट्टीच्या टोकावरून वीत-वीतभराचे चार नमुने कापा: आतला डावा, आतला उजवा, बाहेरचा डावा, बाहेरचा उजवा. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि मशीनशेजारी टांगून ठेवा. महागडी पट्टी वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

आणि आता बाहची खरी शिकवण. आतल्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे तिरके कापून जोडूच नका. एक तुकडा सरळ कापून थेट भिंतीला भिडवा. दुसरा आधी ४५ ने कापा, म्हणजे त्याच्या टोकाला नक्षीची कड स्पष्ट दिसते. मग बारीक पात्याच्या धनुष्यासारख्या करवतीने त्या कडेवरून चालत जा आणि मागचं लाकूड थोडं आत झुकवून काढून टाका. कानशीने साफ करा. आता हा तुकडा पहिल्याच्या नक्षीवर टोपीसारखा बसतो. कोपरा एक-दोन अंश इकडेतिकडे असला तरी चालतं, आणि लाकूड आकसलं तरी फट सहसा समोरून दिसत नाही. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तिरक्या सांध्याचा कोनच बदलतो आणि तो तोंड उघडतो. शिलाँगच्या हिवाळ्यात आमचं नेमकं तेच झालं होतं. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्ही तुकडे तिरकेच कापावे लागतात, म्हणून तिथे मोजमाप दुप्पट काळजीने.

काही सोबती म्हणतील, "उस्ताद, एवढं कशाला? रंगच मारायचा आहे, पुट्टीत वाईट काय?" बरोबर आहे. रंगाच्या कामात केसाएवढी फट भरायला काहीच हरकत नाही, चांगले कारागीरही भरतात. पॉलिशच्या कामात तेवढीही लपत नाही. माझा वाद पुट्टीशी नाही. मोजायच्या आधीच पुट्टीचा डबा उघडणाऱ्या मनाशी आहे. व्हिजिटच्या आदल्या दिवशी दगडांना चुना, झाडांना गेरू, हे आपण सगळ्यांनी केलंय. साहेबांची गाडी गेली की काम संपलं. गिऱ्हाइकाची गाडी जात नाही, त्याचं घरच तिथे असतं. उन्हाळ्यात लावलेली पट्टी तो पुढची वीस वर्षं पलंगावर पडून पाहणार आहे. पहिल्या दोन कामांत फट दिसली की तिसरं काम येत नाही, आणि माणूस पुन्हा गेटवर जाऊन बसतो.

गेटवर बसणं वाईट असं मी म्हणत नाही. इमानदारीची भाकरी आहे. पण ज्याच्या हातात सतरा वर्षांचा ट्रेड आहे, त्याने शिट्टी घेऊन उभं राहावं याचं मला वाईट वाटतं. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात, त्यात आपल्या ट्रेडच्या जवळचं काही मिळालं तर ते घ्या. आणि जे अजून वर्दीत आहेत, सेक्शन चालवतात, त्यांना माझी विनंती आहे: सुतार, गवंडी, रंगारी जवान "गुण्या बसत नाही" म्हणाला तर ऐका. त्या क्षणी त्याला गप्प केलंत तर तुम्ही त्याच्या पुढच्या तीस वर्षांची कमाई कापता.

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. आधी शिलाँगचं बोललो. म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, चुकलो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "उस्ताद, ती सुट्टी गेली ती गेली. पात्याला दात किती घेऊ ते सांगा."

सांगितलं. दहा इंची मशीन पुरे, पातं कार्बाइडचं, साठ ते ऐंशी दातांचं. हात पात्यापासून वीतभर लांब, गार्ड कधी काढायचा नाही, पातं पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही. आणि मशीन घेण्याआधी एक चांगला सरकता गुण्या घे, त्याचे पैसे मी पाठवतो.

तो नको म्हणाला. मी पाठवलेच.

जय हिंद.